उरलेले सहा टक्के

अवधानच्या एमआयडीसीत, धुळ्याबाहेर, आमची शेड.
मे महिन्यात पत्रा एवढा तापतो
की चाचणीला वेगळी भट्टी लागत नाही,
असं मी ग्राहकाला फोनवर सांगते.
तो हसत नाही. त्याला आलेख हवा असतो.

त्याचं मागणं दोन ओळींचं:
जुना कन्व्हर्टर चार पुडांच्या टिफिनएवढा होता,
नवा साबणाच्या डबीत बसवा.
वीज तेवढीच, पाचशे वॅट.
आणि आवाज नको.

रडार क्षणभर ओरडतं,
मग कितीतरी वेळ नुसतं ऐकत बसतं.
ओरडायच्या क्षणी त्याला सगळं एका घोटात पाहिजे.
ऐकताना मात्र आपण श्वाससुद्धा धरायचा,
कारण लांबून परतणारं उत्तर इतकं बारीक
की कन्व्हर्टर नुसता पुटपुटला
तरी आभाळात नसलेलं काहीतरी दिसायला लागतं.

एकोणनव्वदवर मी अडीच महिने अडकले.
बाकीचे अकरा टक्के जातात कुठे?
कुठेच जात नाहीत, हीच तर पंचाईत.
साबणाच्या डबीत पंचावन्न वॅटचा निखारा
आणि डबीला खिडकी नाही.

चौथा नमुना जळला त्या दुपारी
वासावरून निंबा मिस्तरी आले.
शेजारच्या गाळ्यात ते पाणबुडी मोटारी भरतात;
फागण्यापासून सोनगीरपर्यंत कुठल्या विहिरीत
कितव्या नंबरची तार आहे, बोटांना पाठ.
कान अर्धे गेलेले,
म्हणून यंत्राला हात लावून ऐकतात.

जळका ट्रान्सफॉर्मर तळहातावर घेतला, पेढ्याएवढा.
"इतला जीव, नि इतलं काम?"
मग नखानं थर सोलत गेले:
आत सगळं प्रायमरी, बाहेर सगळं सेकंडरी,
सोयऱ्यांच्या दोन पंगती बसाव्यात तसं.
"ह्यास्ले इतलं दूर काब बसाडं?
एक थर तुन्हा, एक थर मन्हा. असं भर."

मला हे माहीत होतं.
परीक्षेत आठ मार्कांना लिहिलंही होतं.
पण माहीत असणं आणि सुचणं
यांच्यामध्ये बरंच तांबं जळावं लागतं.

भरलं तसं. डबी निवली.
आणि कुजबुज सुरू झाली!
जवळ बसवले ना दोघांना,
आता एकाचं बोलणं दुसऱ्यात उतरत होतं,
ऑसिलोस्कोपवरची रेघ गवतासारखी उभी.
मिस्तरींना दाखवली तर म्हणाले,
हे तुन्हं काम, माले दिसत नही.

मग मी मध्ये पडदा घातला,
कागदाहून पातळ तांब्याची पट्टी,
दोन्ही टोकं एकमेकांना न शिवणारी, एक अर्थला बांधलेलं.
पट्टी कापताना अंगठा कापला.
दहावा, अकरावा. बारावा मीच रागानं जास्त ताणला.
तेराव्याला, रात्री पावणेदोनला,
रेघ आडवी झाली. चौऱ्याण्णव टक्के.

सकाळी निंबा मिस्तरींनी डबीवर
हाताची पालथी बाजू ठेवली,
लेकराचं कपाळ बघतात तशी.
खूप वेळ.
"ताप शे," म्हणाले, "पन पोर खेयी ऱ्हायनं."

डबी स्पंजात गुंडाळून गेली.
कुठल्या टेकडीवर, कुठल्या मनोऱ्यात,
हे आम्हाला कळवायची पद्धत नाही.
चलनावर मालाचं नाव, नग एक, वजन.
मिस्तरींना विचारलं, तुमचं नाव कुठे लिहू?
ते मोटार ठोकत होते. ऐकू गेलं नसावं.

राहिले सहा टक्के. तीस वॅट.
ते रात्रभर चाचणीच्या टेबलावरून उठून
जाळीतून बाहेर गेले,
चव्वेचाळीस अंशांच्या धुळ्यात मिसळले.
त्यांचा हिशेब कुणी मागितलेला नाही.
मी मात्र वहीत त्यांच्यासाठी
एक पान कोरं सोडलंय,
आणि पंधराव्याची तार कापायला घेतलीय.